माफीचा तास

अमरावतीत राजापेठेच्या वळणावर अमोलच्या गाडीला मागून धक्का बसला, आणि गाडी स्टँडवर लावून, हेल्मेट काढून, दोन्ही तळवे मांड्यांना चिकटवून, कमरेतून वाकून माफी मागितली ती अमोलनंच. धक्का मारणारा अजून स्कूटीवरच बसलेला होता. चाळिशीचा, पोट सुटलेला माणूस, मागे त्याची बायको, बायकोच्या मांडीवर मेथीनं भरलेली पिशवी. माणसाची सगळी तयारी झाली होती. ब्रेक नेमका आजच कसा ढिला पडला, समोरून म्हैस कशी आडवी आली, बायकोनं त्याच वेळी खांदा कसा ओढला, हे सगळं त्याच्या जिभेवर येऊन थांबलं होतं आणि समोरचा हा प्राणी वाकून उभा. "चूक झाली. तुम्हाला त्रास झाला," अमोल डांबराकडे बघत म्हणाला. त्या माणसाचा चेहरा पुढ्यातलं ताट कुणी उचलून न्यावं तसा झाला. मग त्यानं पानटपरीकडे पाहिलं, तिथले चारदोन जण इकडेच बघत होते, आणि त्याला हसू फुटलं. "अरे भाऊ, ठोकलं म्या, अन् पाया तुमी पडून राहिले. देव समजले काय मले?" टपरीवाले हसले. बायकोही पिशवीत तोंड घालून हसली. अमोल सरळ झाला, हेल्मेट चढवलं आणि निघाला. पुढच्या चौकापर्यंत त्याचे कान तापलेले होते, आणि लाज नको म्हणून त्यानं नेहमीप्रमाणे तिरस्काराला हाक मारली. तिरस्कार लगेच आला. तो अलीकडे हाकेच्याच अंतरावर असायचा.

काय लोक आहेत हे, त्याच्या मनात सुरू झालं. रस्त्यावर दोन गाड्या घासल्या की यांची जत्रा भरते. ज्यानं ठोकलं तो गोष्ट सांगणार, ज्याला लागलं तो त्याहून मोठी सांगणार, मधे एखादा शहाणा तिसरीच सांगणार, आणि तासाभरानं सगळे मिळून चहा पिऊन घरी जाणार. झालेलं नुकसान जिथल्या तिथं. अख्खं वऱ्हाड हे असं, इर्विन चौकापासून पार त्याच्या गावापर्यंत, तेल्हाऱ्यापर्यंत. दुकानदाराला विचारा माल का नाही आला, तो त्याच्या मेव्हण्याच्या मुंजीपासून सुरुवात करील. डॉक्टरला विचारा उशीर का झाला, तो रस्त्यातल्या खड्ड्यांची नावं सांगेल. एकाही माणसाला गप्प बसून मान खाली घालता येत नाही. मान म्हणजे यांना गळ्यावर डोकं टेकवायची वस्तू वाटते. त्याला स्वतःला ती खाली घालता येत होती, आणि आयुष्यात एवढी एकच गोष्ट आपण जपानला जाऊन शिकून आलो असं तो धरून चालला होता.

तो शिकवायचाही तीच. प्लायवूडच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथं परदेशी कामाला जाणाऱ्यांचे वर्ग चालत. भाषा शिकवायला एक बाई होत्या, आणि अमोलकडे जो विषय होता त्याला पाटीवर 'कामाच्या जागेचे संस्कार' असं भारदस्त नाव होतं. पोरंपोरी त्याला माफीचा तास म्हणत. कोणी दर्यापूरचं, कोणी चांदूरबाजारचं, कोणी कुठलं. वाकताना पाठीचा कणा कसा सरळ ठेवायचा, साध्या चुकीला किती वाकायचं, मोठ्या चुकीला किती, वर केव्हा यायचं, हे तो त्यांच्याकडून घोकून घ्यायचा. साहेबानं 'ठीक आहे, कामाला लागा' म्हटल्याशिवाय वर यायचं नाही. पोरं वाकली की एकमेकांकडे तिरकं बघून खिदळत. त्याला ती खिदळणारी थोबाडं बघवत नसत. जा, तो मनात म्हणे, जा एकदा तिकडे, मग कळेल.

त्या शनिवारी प्रतीक्षा उशिरा आली. शेंदूरजनाघाटची पोरगी, तिच्या बापाचा संत्र्याचा बगीचा होता, आणि तोंड असं की बगिच्यातली पाखरं उडावीत. "का उशीर?" त्यानं विचारलं. हा त्याचा नेहमीचा सापळा होता. उत्तर एकच होतं आणि ते कमरेतून द्यायचं होतं. प्रतीक्षानं पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचली. "सर, काय सांगू तुमाले, वरूडच्या अलीकडं संत्र्याचा ट्रक पलटला. सारा रस्ता नारंगी. आता बसमधले लोक उतरून संत्री येचून राहिले, अन् ड्रायव्हर बी येचून राहिला. म्या म्हटलं काका, माहा क्लास हाये. तर थो म्हणते, बाई, देवानं देल्लं हाये, लाथाडू नको." वर्ग हसून लोळायला आला. प्रतीक्षानं खरंच पिशवीतून दोन संत्री काढून त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं ती बोटानं बाजूला सारली आणि मान हलवून खूण केली. ती वाकली, पण वाकून खालूनच बोलली, "पण सर, ट्रक खरंच पलटला होता. मंग माफी कायची मांगाची?"

"त्यांना तुझ्या ट्रकशी काय करायचं?"

"मंग ते इचारते कायले, काहून म्हणून?"

त्याच्याजवळ उत्तर होतं, पण ते वर्गात द्यायचं नव्हतं. ते उत्तर त्याला जपानमधल्या पहिल्या वर्षी मिळालं होतं. तयार जेवणाचे डबे भरायचा तो कारखाना, पांढऱ्या उजेडात बुडालेला, कधी सकाळ झाली नि कधी रात्र ते कळायचंच नाही असा. पट्ट्यावरून डबे सरकत, अमोल प्रत्येक भातावर खारवलेल्या मुळ्याचे दोन तुकडे ठेवायचा. दोनच. पुढची बाई तळलेला मासा ठेवायची, तिच्या पुढचा व्हिएतनामी पोऱ्या झाकण लावायचा. एके दिवशी तपासणीच्या टेबलावर एका डब्यात निळ्या हातमोज्याचा तुकडा सापडला. मोजा अमोलचा, तर्जनीचं टोक फाटलेलं. पट्टा थांबला. लाइनीचे मुख्य कुरोकावा, टोपीतून एकही केस बाहेर नसलेला सुकट माणूस, समोर आले आणि त्यांनी विचारलं, का? अमोलनं सांगितलं. मोडक्या भाषेत, हातवारे करून, अगदी मुळापासून सांगितलं. मोज्यांचं खोकं यावेळी दुसऱ्या मापाचं आलं, ते आपल्या बोटांना तंग होतं, आपण कालच त्या व्हिएतनामी पोऱ्याला म्हटलं होतं, त्यानं भांडारवाल्याला सांगितलं होतं, भांडारवाला म्हणाला सोमवारी बघू. सगळं खरं होतं. एक शब्द वाढवलेला नव्हता. पट्ट्यालगत उभे असलेले सगळे फरशीकडे बघत होते. कुरोकावांनी त्याला संपवू दिलं आणि पुन्हा विचारलं, का? अमोलला वाटलं, आपली भाषा कच्ची, यांना कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश, आणि भांडारवाल्याचं जरा फोडून सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याला आतून बरंसुद्धा वाटलं, की हा साहेब मोठा बारकाईचा माणूस आहे, आपल्याकडे एवढं कोण ऐकून घेतं. संध्याकाळी कंपनीच्या दुभाषी बाईंचा फोन आला. दिल्लीकडच्या होत्या, तिकडेच लग्न करून राहिलेल्या. "भैया," त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "वो पूछ नहीं रहे थे."

पुढचे कितीतरी दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही. रागानं नव्हे. अंगाला वास येणाऱ्या माणसापासून जितकं दूर बसतात तितकंच दूर ते बसत होते. मोजा फाटल्याचं त्यांना काहीच नव्हतं, मोजे फाटतात. त्या माणसानं चार लोकांदेखत आपली कारणं उघडी करून दाखवली, याची त्यांना किळस आली होती. हे त्याला समजलं त्या दिवशी तो पहिल्यांदा त्यांच्यासारखा झाला, कारण त्यालाही स्वतःची किळस आली. तेल्हाऱ्याच्या चौकात पारावर बसून हात नाचवणारा तो सगळा बापजाद्यांचा गोतावळा आपल्या तोंडातून बोलत होता असं त्याला वाटलं. मग त्यानं मान खाली घालायला शिकून घेतलं, आणि एखादा बाटलेला माणूस नव्या देवाची जास्त पूजा करतो तसं मुळात होतं त्याहून जास्त शिकून घेतलं. पट्टा कुणामुळेही थांबला तरी पहिला तो वाकायचा. आणि त्याला एक विलक्षण सोय सापडली. वाकलेल्या माणसाच्या आत काय आहे ते कुणी बघायला येत नाही. कारण सांगायचं तर आधी कारण स्वतःला ठाऊक पाहिजे, ते उकरावं लागतं, कधी ते घाण निघतं. माफीला तसलं काही लागत नाही. माफी धुतलेल्या रिकाम्या डब्यासारखी समोर ठेवता येते.

वर्ग संपल्यावर त्यानं गाडी स्टँडवर टाकली आणि अकोल्याची बस धरली. सासऱ्यांनी, नत्थुजींनी बोलावलं होतं. बायको, सीमा, माहेरी जाऊन दिवाळी उलटली होती, आणि फोनवर नत्थुजी म्हणाले होते, "जवाईबापू, येऊन एकडाव काय थे बोलून घ्या. थे म्हणते मले नांदाचं हाये, पन एका गोष्टीचं उत्तर पाहिजे. भांडन नाही, तंटा नाही. उत्तर द्या अन् घेऊन जा." किती सोपं करून टाकलं म्हाताऱ्यानं, जसं काही बाजारातून वांगी आणायची आहेत. बडनेऱ्याच्या पुढे बस थांबली ती थांबलीच. कंडक्टर आणि एक बाई यांच्यात तिच्या गठुड्याच्या तिकिटावरून जुंपली होती, बाई गठुड्यात काय आहे ते सांगत होती, काय आहे त्यावरून कुणाच्या लग्नाला चालली ते सांगत होती, ते लग्न जुळवताना वाद कसा झाला होता तेही, आणि अर्धी बस तिला सल्ला देत होती. खिडकीबाहेर बाभळींना कपाशीच्या ट्रकांतून उडालेला कापूस लटकला होता. अमोलनं डोळे मिटून घेतले. गठुड्याचं तिकीट काढ आणि गप्प बस, एवढं यांना मेल्याशिवाय जमणार नाही. आणि बाई जिंकली. कंडक्टर हसून पुढे सरकला, "जाऊ द्या मावशी, वाढा तिकडं बुंदी." अमोलला दोघांचाही सारखाच तिटकारा आला.

पण तिटकाऱ्याची एक खोड असते, तो एका जागी बसत नाही. मूर्तिजापूरच्या सुमाराला तो फिरून त्याच्यावरच आला. कारण याच रस्त्यानं, अमरावतीला नोकरी करत असताना, असाच बसमधून, तो सीमाला पाहायला गेला होता आणि अर्धा दिवस उशिरा पोचला होता. पाहुणे ताटकळलेले, पोह्यांची थंड होऊन ढेकळं झालेली. आणि त्या वेळच्या अमोलनं, तेल्हाऱ्याच्या त्या बडबड्या पोरानं, उंबऱ्यातूनच गोष्ट सुरू केली होती. बोरगाव मंजूला उतरलो लघवीला, तर बस निघून गेली, बसमधे माझे बूट, मग एका वरातीच्या गाडीत बसलो, त्यांना वाटलं मी नवरीकडचा, नवरीकडच्यांना वाटलं नवऱ्याकडचा, दोन्हीकडून जेवलो, हे बघा पायात अजून त्यांच्याकडच्या कुणाच्यातरी चपला. नत्थुजी हसता हसता खुर्चीवरून घसरले होते. आतल्या खोलीत कुणीतरी हसताना पेला पाडला, ती सीमा होती. लग्नानंतर तिनंच सांगितलं, मी तुमच्या नोकरीले नाही पाहिलं, शेतीले नाही पाहिलं, म्या म्हटलं या माणसासंग भांडन झालं तरी आयकाले मजा येईन. तो माणूस आता कुठं होता? त्याला आठवताना अमोलला वर्गातल्या प्रतीक्षाची आठवण झाली, आणि दोघांच्याही तोंडात बोळा कोंबावा असं वाटलं.

त्यानंतर जपान, आणि तिसऱ्या वर्षी तो फोन. सुट्टीवर येऊन गेला होता तेव्हा सीमाला दिवस राहिले होते. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. नत्थुजींचा फोन आला तेव्हा अमोल जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या मागच्या बाजूला उभा होता. "या," एवढंच म्हातारा म्हणाला. अमोल गेला नाही. त्या महिन्यात गेला नाही, पुढच्याही नाही. दोन वर्षांनी करार संपवून आला तेव्हा घरात पाय ठेवल्यावर सीमानं पाणी दिलं, जेवू घातलं, आणि भांडी आवरून समोर बसून विचारलं, "काहून नाही आले तुमी?" तेव्हा त्यानं जे केलं ते त्याच्या शरीरानं केलं होतं, त्याला विचारून केलं नव्हतं. तो खुर्चीवरून उठला, तळवे मांड्यांना चिकटवले, वाकला आणि म्हणाला, "माझी चूक झाली. पुन्हा असं होणार नाही याची काळजी घेईन." "काय होनार नाही पुन्हा?" सीमानं विचारलं. ते वाक्य तसंच असतं, पट्ट्यापाशी म्हणायचं. ते एका मेलेल्या लेकराच्या समोर नेऊन ठेवलं होतं हे त्याच्या लक्षात यायला दोन रात्री लागल्या. पण तोवर त्यानं आणखी दोनदा माफी मागितली होती. अमरावतीच्या भाड्याच्या घरात सीमा वर्षभर राहिली, दर थोड्या दिवसांनी तोच प्रश्न, साध्या आवाजात, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, आणि दरवेळी याची मान खाली. शेवटी ती म्हणाली, "मले तुमची मान नाही पाहिजे. मले सांगा." आणि अकोल्याला निघून आली.

अकोला आलं. कौलखेडमधलं नत्थुजींचं घर, पुढं लोखंडी फाटक, फाटकाशी कढीपत्त्याचं झाड. नत्थुजी कापसाच्या जिनिंगमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, तेल्हाऱ्याची काळी जमीन बटईनं देऊन इथं राहिलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, घर सीमाच बघायची. त्यांनी जावयाला खुर्ची दिली, कुरकुरीत नळ्यांत बटाटा भरलेला आलूपोंगा मागवून ठेवला होता तो पुढं सरकवला, स्वतः पलंगावर मांडी घालून बसले आणि लगेच बोलायला लागले, कारण शांतता म्हणजे त्यांना घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटायचं. यंदा कापसाला वेचणारे भेटले नाहीत ते का भेटले नाहीत, शेजाऱ्यानं भिंत अर्धवट का सोडली, सगळं मुळापासून. अमोल मान डोलावत होता आणि म्हाताऱ्याच्या दातांत अडकलेला पोंग्याचा तुकडा बघत होता. किती तृप्त आहेत हे लोक स्वतःच्या आवाजावर. सीमा आतून आली. खाली सतरंजीवर बसली, गुडघे जवळ घेऊन. ती वाळली होती, पण चेहऱ्यावर रडकेपणा नव्हता, तेच त्याला जड गेलं.

"बाबा, थांबा जरा," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "शेवटचं इचारते. माफी नका मांगू. मले माफीनं शिसारी येते आता. पोरगी गेली तवा तुमी काहून नाही आले? जे असन थे सांगा. लहान असो, मोठं असो. तुमाले वाटलंच नाही यावं, असं असन तर थेही सांगा. मी आयकून घेईन अन् पिशवी भरीन. बस."

त्याला कारण ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यानं ते पाहिलं नव्हतं असं नाही, फक्त त्याच्यावर वाकून उभा राहिला होता. त्या दिवशी सकाळच्या सभेत, सगळे ओळीनं उभे असताना, कुरोकावांनी त्याचं नाव घेतलं होतं. अमोल-सानमुळे आजवर कुणाला गैरसोय झाली नाही, ते म्हणाले होते, आणि चाळीस पांढऱ्या टोप्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. लाइनीवर दोघं आजारी होते, काम ओढाताणीचं होतं. फोन झाल्यावर तो ऑफिसच्या दारापर्यंत गेला. काचेतून कुरोकावा जेवताना दिसत होते. आत जाऊन मागितली असती तर सुट्टी मिळाली असती, त्या आधी एका फिलिपिनो बाईला आईच्या मरणाला मिळाली होती. पण मग सकाळच्या त्या टाळ्या गेल्या असत्या. तो दारात उभा राहिला आणि परत फिरला, हात धुतले, मोजे चढवले आणि भातावर मुळ्याचे तुकडे ठेवायला लागला, दोन, दोन, दोन. एवढंच होतं. राक्षसी काही नव्हतं. पाठीवर पडलेली एक थाप हातची जाऊ नये म्हणून तो आला नव्हता. हे इतकं बारकं होतं की त्याला बोलायला तोंड उघडवेना. समोर सीमा, पलंगावर नत्थुजी, प्लेटमधे मऊ पडत चाललेले पोंगे. त्याची मान खाली जायला लागली होती, ती त्यानं जोर लावून रोखली, सीमाच्या डोळ्यांत पाहिलं आणि बोलायला लागला.

"सुट्टी दिली नाही त्यांनी," तो म्हणाला. आणि एवढं वाक्य बाहेर पडल्यावर मागचं सगळं आपोआप सुटत गेलं. कुरोकावासमोर आपण हात जोडले. तो म्हणाला, बायको जिवंत आहे ना, मग कशाला जातोस. आपण म्हटलं, मुलगी होती हो साहेब. तो म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस, आणि वरून करारातली अट दाखवली. आपण रात्री बॅग भरून स्टेशनवर गेलो, बर्फ पडत होतं, गाड्या बंद, दोन तास बाकावर बसलो, एका म्हाताऱ्या हमालानं आपल्याला गरम डबा दिला, आणि मग परत आलो. त्याचे हात चालायला लागले होते. आवाज चढत होता, उतरत होता, कुठं थांबायचं ते त्याला बरोबर समजत होतं. किती वर्षांनी. तो स्वतःच चकित होऊन ऐकत होता. हमालाचं सांगताना त्याचा गळासुद्धा भरून आला, आणि तो खरा भरून आला. नत्थुजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "अरे, मानसं हायेत का जनावरं," ते म्हणाले. "अन् तू पोरी, याले वर्षभर छळत होती. अरे बाप्पा, जवाईबापू, हे पयलेच सांगाचं ना. काहून गप्प राहिले तुमी?" अमोलनं हात पसरले. त्याला हलकं वाटत होतं. सीमा उठून आत गेली, चहा केला, कप आणून त्याच्या हातात दिला. तो चहा पिऊ लागला आणि त्याला खात्री वाटली की ती आता पिशवी भरायला जाईल.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "चाला, फाटकापर्यंत येते." पिशवी तिच्या हातात नव्हती. तो पायात बूट घालत असताना नत्थुजी कुणालातरी फोन लावायच्या गडबडीत होते. बाहेर संध्याकाळ व्हायला आली होती. फाटकाशी येऊन सीमा थांबली, आत बाबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली. "मी दवाखान्यातून कंपनीच्या दुभाषी बाईले फोन करून सारं सांगतलं होतं. तुमच्या कागदावर नंबर होता. चार दिवसानं तिचा फोन आला, म्हणे, बहेनजी, कंपनीनं दोनदा इचारलं, घरी जाचं काय म्हणून, थेच म्हणाले काई गरज नाही." तिनं फाटकाची कडी हातात धरली. "तीन वर्षं झाले मले ठाऊक हाये. मले फक्त तुमच्या तोंडून पाहिजे होतं. थेवढ्यासाठी मी वाट पाहून राहिली होती. आन तुमी मले हमाल आनून देल्ला."

त्याची मान गेली. यावेळी त्यानं रोखली नाही, रोखता आली नसती. तळवे मांड्यांना, पाठ सरळ, नजर खाली. "झालं," सीमा म्हणाली. "आता कसे ओळखू आले." फाटकाची कडी आतून लागली. तिची पावलं गेली, घराचं दार लागलं. अमोल तसाच उभा होता. वर केव्हा यायचं ते समोरच्यानं सांगायचं असतं, आणि समोर कुणी नव्हतं. कढीपत्त्याची वाळकी पानं, बाटलीचं एक झाकण, त्याचे स्वतःचे पुसलेले बूट, एवढंच त्याला दिसत होतं.

शेजारून एक मोटरसायकल आली आणि थांबली. "काय पडलं काय भाऊ?" गाडीवरच्या माणसानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गाडी लावून तोही खाली बघायला लागला, चपलेनं पाला बाजूला सारायला लागला. "चाबी होय का? माही बी अशीच पडली होती परवा, त्याचं काय झालं..."

"काही पडलं नाही."

"मंग असे काहून उभे?"

अमोल सरळ झाला. माणूस अनोळखी होता, खांद्यावर रुमाल, गाडीला दुधाची कॅन. "मी सुट्टी मागितलीच नाही," अमोल म्हणाला. "मिळत होती. शाबासकी मिळाली होती सकाळी, ती जाईल म्हणून मागितली नाही. माझी मुलगी मेली होती."

माणसानं रुमालानं तोंड पुसलं. मग बंद फाटकाकडे पाहिलं, परत याच्याकडे पाहिलं, आणि गाडीवर बसला. "मंग हे मले काहून सांगून राहिले?" तो म्हणाला, रागानं नाही, सरळच. "ज्याले सांगाचं त्याले सांगा ना." आणि किक मारून निघून गेला.

आतून नत्थुजींचा आवाज बाहेर येत होता. फोनवर ते कुणालातरी मुळापासून सांगत होते. साहेबानं जावयाचा पासपोर्टच कसा कुलपात टाकला, आणि पोरगा बर्फात दोन रात्री कसा उपाशी बसला, आणि शेवटी एका हमालाला कशी त्याची दया आली.